पल्याडच्या सगळ्या

मीराचं नाव आधी लिहिते, बाकीचं नंतर. ती नसती तर मी आजही त्याच संग्रहालयात असते, पण हातात मॉप घेऊन. मॉपचं काम हलकं असं मी म्हणत नाही, काही वर्षं मी ते मन लावून केलंय. पण आज माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावर ‘कलेक्शन्स असिस्टंट’ असं छापलेलं आहे, आणि रोज सकाळी ते अडकवताना धाकधूक होते, की कुणीतरी जिन्यात गाठून म्हणेल, "सुरेखाबाई, ते चुकून तुमच्याकडे आलं, परत द्या."

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी कामाबद्दल लिहायला सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. अंकात डॉक्टर लिहितात, बँकेतले, आयटीतले लोक लिहितात. मी सातवी शिकलेली. पण मीरा म्हणाली, "मावशी, तू लिहा ना. मी वाचेल. स्लो वाचेल, पण वाचेल." तिच्या ‘तू लिहा’ला नाही म्हणणं मला अजून जमलेलं नाही.

आमची ओळख एका डब्यामुळे झाली. मँचेस्टरमधल्या एका संग्रहालयात मी सकाळची झाडलोट करायचे. नाव मुद्दाम लिहीत नाही. तळघराच्या बोळात एक तरुण बाई कपाटं उघडत-मिटत स्वतःशी पुटपुटत होती, "अरे देवा, कुठे गेली तो डबा?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "गेला."

ती गर्रकन वळली.

"डबा गेला," मी म्हणाले. "डबा तो असतो."

"तुम्ही मराठी आहे?"

"आहात," म्हणाले आणि जीभ चावली. ती पक्ष्यांच्या विभागाची प्रमुख, डॉक्टरेट केलेली. मी झाडू मारणारी. म्हटलं, गेली नोकरी. पण ती भिंतीला टेकून खो खो हसत सुटली. म्हणाली, "माझा आजोबा असंच करेक्ट करायची."

मीराचा जन्म इथलाच. आजोबा वारणाकाठचे. ती लहान असताना ते घरी मराठी बोलायचे, ते गेले आणि तिची मराठी त्या वयातच थांबली. शब्द भरपूर, पण तो-ती-ते यांची सगळी सरमिसळ. तेव्हापासून आमचं ठरलं की ती मला पक्ष्यांची इंग्रजी नावं शिकवणार आणि मी तिचं ‘तो’ आणि ‘ती’ ताळ्यावर आणणार.

पुढे कोठाराची जागा बदलायची ठरली. हजारो पक्षी जुन्या कपाटांतून नव्या कपाटांत न्यायचे होते. हात हवे होते. मीराने माझं नाव दिलं. आमचे साहेब कीथ यांनी विचारलं, हिला अनुभव काय? मीरा म्हणाली, "ती काचेच्या कपाटावरची धूळ कशी पुसते ते एकदा येऊन बघा." कीथ खरोखरच येऊन बघून गेले. मला नंतर कळलं, नाहीतर घाबरून मी काच फोडली असती.

आता काम काय ते सांगते, कारण लोकांना वाटतं मी पक्ष्यांना दाणे घालते. आमचे पक्षी मेलेले असतात. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी कुणी कुणी जंगलात जाऊन गोळा केलेले. आतलं सगळं काढून कापूस भरलेला, डोळ्यांच्या जागीही कापूसच. ट्रेमध्ये उताणे, पंख मिटून, ओळीनं झोपलेले. पायाला चिठ्ठी बांधलेली: कुठे सापडला, नदीच्या कुठल्या काठाला. पूर्वी कातडं टिकावं म्हणून आतून विष चोळायचे, म्हणून हातमोजे घातल्याशिवाय आम्ही शिवत नाही. आमचा खरा वैरी म्हणजे एक बारीक किडा. तो दिसला की अख्खा ट्रे पिशवीत बांधून मोठ्या फ्रीझरमध्ये. घरी मी डाळ-तांदळाचं तेच करते, तेव्हा ते मला कुणी शिकवावं लागलं नाही.

येणारी माणसंही एकेक असतात. एक गृहस्थ दर महिन्याला येतात आणि एकच घुबड मागतात. मोजमाप नाही, फोटो नाही. बघतात, "थँक यू, डिअर" म्हणतात आणि जातात. डिअर मला की घुबडाला, ते अजून कळलेलं नाही. एक बाई सँडविचच्या डब्यात मेलेली चिमणी घेऊन आल्या. "दुर्मीळ आहे का?" मीराने भिंग लावून नीट बघितलं आणि सांगितलं, "चिमणीच आहे, पण फार छान ठेवलीत तुम्ही." बाई खूश होऊन गेल्या. मागून मीरा मला म्हणते, "डब्यात चीजचा वास येत होती."

"येत होता."

"चीज ती नाही?"

"वास तो, मीरा."

तर मुंगीपक्षी. इंग्रजीत अँटबर्ड म्हणतात. माझ्या वाट्याला आलेलं पहिलं कपाट यांचं. दक्षिण अमेरिकेतल्या घनदाट जंगलातला हा पक्षी. मला वाटायचं मुंग्या खात असेल. तसं नाही. तिथे लष्करासारख्या मुंग्या निघतात, जमीन झाकून टाकतात. त्यांच्या भीतीने पाचोळ्यातले किडे, कोळी, नाकतोडे सैरावैरा पळतात, आणि हा वरच्या काटकीवर बसून पळणाऱ्याला टिपतो.

आमच्या कपाटात यांच्यातल्याच एका जातीच्या दोन उपजाती होत्या. उपजात म्हणजे काय, ते मीराने मला नदीवरून समजावलं. ॲमेझॉनला दक्षिणेकडून येऊन मिळणारी एक थोरली नदी. तिच्या एका काठाला एक उपजात, दुसऱ्या काठाला दुसरी. नर दोन्हीकडे सारखे, राखाडी, गळ्याशी काळे. शेजारी ठेवले तर सख्खे भाऊ. फरक कळतो तो माद्यांत. एका काठाची मादी पोटाला विटकरी, दुसऱ्या काठाची फिकट, ताकात हळद टाकल्यासारखी.

मी विचारलं, "पण पक्षी आहे ना? उडून का जात नाही पलीकडे?"

"जंगलाच्या अंधारात राहते तो. वरती मोकळा आकाश, मोठ्ठी पाणी. त्याला भीती वाटते. विंग्ज आहेत, पण नाही क्रॉस करत."

मी हातातला ट्रे खाली ठेवला. आमचं गाव वारणेच्या काठाला. शाळा सातवीपर्यंत. हायस्कूल पलीकडच्या गावात, आणि तेव्हा पूल नव्हता, होडी होती. माझ्यापुढची मुलं होडीनं गेली. मुलींना रोज होडीत बसवायचं नाही असं घरात ठरलं. मी काठावर धुणं धुताना समोर हायस्कूलचं छप्पर दिसायचं. अंतर फार नव्हतं. घंटा ऐकू यायची.

हे मी मीराला सांगितलं. तिनेही आपला ट्रे खाली ठेवला. मग म्हणाली, "आजोबाचा गाव पण वारणा. शाळेत तो चालत गेला, म्हणजे हायस्कूल त्याच्या साइडला होतं. म्हणजे मी तुझ्या..." तिला शब्द सापडेना.

"पल्याडची," मी म्हणाले. "आम्ही अल्याड, तुम्ही पल्याड."

तो शब्द तिला इतका आवडला की दुसऱ्या दिवशी तिने कपाटावर दोन चिकटपट्ट्या लावल्या. नदीचा काठ उजवा की डावा, हे पाणी वाहतं त्या दिशेला तोंड करून ठरवतात. आमच्याकडे धरणाचे कालवे उजवा-डावा असतात, तसंच. पण ट्रे उचलताना दर वेळी मनात नदीकडे तोंड कोण करणार? हे पक्षी गोळा करणाऱ्या जुन्या संग्राहकाचा तळ डाव्या काठाला होता, म्हणून डावा काठ अल्याड आणि उजवा पल्याड, असं आम्ही ठरवून टाकलं. कीथ यांनी पट्ट्या वाचायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

कोठार हलवायचं काम संपत आलं तशी माझी झोप उडाली. करार तेवढ्यापुरताच होता. कायमची एक जागा निघाली, पण त्यात अट होती, शाळेचं इंग्रजी पास, नाहीतर त्या तोडीचा अनुभव. मीरा म्हणाली, "तो ‘नाहीतर’ आहे ना मावशी, ती तुझ्यासाठी आहे." अर्ज भरला. मुलाखतीची तारीख आली. माझे यजमान इथल्या हॉटेलात स्वयंपाकी आहेत, ते घरी साहेब होऊन मला प्रश्न विचारायचे आणि मी उत्तरं विसरायचे. मला ती जागा हवी होती. आयुष्यात इतकं काही हवं म्हणून मी मागितलेलं नव्हतं.

मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात मीरा रीडिंग शहरात भावाकडे गेलेली. तिचा ट्रेनमधून फोन आला. ग्लासगोचे एक संशोधक, नाव ॲलिस्टर, त्यांना आमचे मुंगीपक्षी अभ्यासासाठी उसने हवे होते. पक्षी नेणारी खास गाडी दुपारी येणार होती. आवाज तुटत होता.

"मावशी, पल्याडच्या सगळ्या पाठव."

"सगळ्या?"

"हो, सगळ्या! सगळ्या सगळ्या!"

आता बघा. पक्षी म्हटलं की ‘सगळे’. ‘सगळ्या’ म्हणजे माद्या. मीरा चुकते हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. पण तो सबंध आठवडा आम्ही नेमका हाच धडा घोकला होता, तो नर, ती मादी, ते सगळे, त्या सगळ्या. निघायच्या दिवशी तिनं एकही चूक केली नव्हती आणि मी तिला शाबासकी दिली होती. शिवाय फरक माद्यांतच असतो हे तिनेच मला शिकवलेलं. मला वाटलं, पोरगी अचूक बोलली. मी पल्याडच्या तेवढ्या माद्या काढल्या, एकेकीला मऊ कागदाची गादी केली, पेटी बंद केली आणि गाडीत ठेवली. नर कपाटातच राहिले.

दुसऱ्या दिवशी ग्लासगोहून कीथ यांना फोन. निम्मेच पक्षी आलेत. ॲलिस्टरना पिसांचा रंग मोजायचं यंत्र शुक्रवारपर्यंतच मिळणार होतं. पक्ष्यांची गाडी त्यानंतर जाणार होती. नर नाहीत तर काम अर्धवट, आणि यंत्र पुन्हा कधी मिळेल ते सांगता येत नव्हतं.

कीथ यांनी आम्हा दोघींना बोलावलं. मीरा त्याच सकाळी परतली होती. मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "चूक माझी. माझ्या व्याकरणाची."

"कुठलं व्याकरण?"

मीराने समजावलं, की मराठीत ‘ऑल’ म्हणायला तीन शब्द आहेत, पुरुषांचा वेगळा, बायकांचा वेगळा.

"आणि तिसरा?"

"जे पुरुषही नाहीत आणि बायकाही नाहीत त्यांचा," मी हळूच म्हणाले. "टेबलं, घरं, मुलं."

"मुलं?" कीथ यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे मला जो ‘ऑल’ हवा होता तो कुठला?"

"पहिला," आम्ही दोघी एकदम म्हणालो.

हसू कुणालाच आलं नाही. कीथ माणूस वाईट नाहीत, पण त्यांच्यापुढे माझा अर्ज होता आणि त्यावर ‘त्या तोडीचा अनुभव’ असं लिहिलेलं होतं. ते त्या कागदाकडे बघत नव्हते, म्हणूनच मला तो जास्त दिसत होता.

"मी घेऊन जाते," मी म्हणाले.

"कुठे?"

"ग्लासगोला. पक्षी. ट्रेननं. मांडीवर."

मीराने माझ्याकडे पाहिलं. तिला ठाऊक होतं की या देशात मी एकटी ट्राममध्येसुद्धा स्टेशनं मोजत बसते. कीथ म्हणाले, पक्षी हातानं न्यायचे तर तसा माणूस लागतो. मीरा म्हणाली, "त्यांतला प्रत्येक पक्षी हिनेच बांधलाय. माझ्यापेक्षा चांगला. काही झालं तर जबाबदारी माझी, लिहून देते." तिची नोकरी पक्की होती. ती कशाला माझ्यासाठी जबाबदारी घेईल? पण तिने घेतली.

ट्रेन सरळ ग्लासगोची होती, बदलायची नव्हती, तरी प्रत्येक स्टेशनला मी पाटी वाचत होते. पेटी मांडीवर, दोन्ही हात झाकणावर. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, "केक आहे का गं?"

"नाही, पक्षी."

"जिवंत?"

"नाही. फार वर्षांपूर्वी वारले."

त्यांनी पुढच्या स्टेशनला जागा बदलली. मला जरा बरं वाटलं, पेटी शेजारी ठेवता आली असती. पण ठेवली नाही.

मध्ये डोंगर लागले, मेंढ्या लागल्या, आणि एका पुलावरून गाडी नदी ओलांडून गेली. नाव मला माहीत नाही. मी मनात म्हटलं, चला, ही पण झाली.

ॲलिस्टर उंच, लाल स्वेटर घातलेले, मिशा पिकलेल्या. त्यांचं इंग्रजी मला अर्धं कळेना. त्यांनी पेटी उघडून नर तपासले, एकही पीस वाकडं झालेलं नव्हतं. "अय," म्हणाले. मला वाटलं रागावले. नंतर कळलं, तिकडे ‘हो’ला ‘अय’ म्हणतात.

मग त्यांनी मला टेबलाशी नेलं. पल्याडच्या माद्या ओळीनं मांडल्या होत्या, नदीच्या मुखापासून उगमाकडे, जिथे जिथे सापडल्या त्या क्रमानं. वेगळ्या पेटीत अल्याडच्याही होत्या, त्या त्यांच्याकडच्या. ते मला हळूहळू, थांबून थांबून सांगू लागले. मुखाकडे नदी इतकी रुंद की पलीकडचं झाड दिसत नाही. तिथे पल्याडच्या फिकट त्या फिकटच. पण उगमाकडे जाल तसं पात्र अरुंद होत जातं, दोन्हीकडच्या फांद्या जवळ येतात. आणि तिथल्या पल्याडच्या माद्यांच्या पोटावर विटकरी झाक चढत जाते. शेवटची तर अशी, की अल्याडची म्हणावी की पल्याडची?

"तिथे ते नदी ओलांडतात," ते म्हणाले.

मी म्हणाले, "आमच्या नदीच्या उगमाकडे लोक दगडांवर पाय देऊन जातात. होडी लागत नाही."

"अय," ते म्हणाले, आणि या वेळी मला कळलं.

मग त्यांनी त्याच क्रमानं खाली नर मांडले. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत राखाडी, गळा काळा, काही फरक नाही. म्हणाले, "सगळे एकदम आले असते तर मी सवयीनं नरांपासून सुरुवात केली असती आणि सकाळ फुकट घालवली असती." मी खूश होणार इतक्यात ते म्हणाले, "पण पुढच्या वेळी मात्र सगळे पाठवा."

मुलाखतीला मीरा नव्हती, माझ्या ओळखीची म्हणून तिला बसू दिलं नाही. कीथ होते आणि बाहेरचे दोघं. यजमानांनी घरी विचारलेला एकही प्रश्न आला नाही. बाहेरच्या बाईंनी विचारलं, "कामात झालेली एखादी चूक सांगा, आणि त्यावर तुम्ही काय केलंत ते."

मी कीथकडे बघितलं. त्यांनी खिडकीकडे बघितलं.

मी सांगितलं. सगळं. तीन ‘ऑल’, पेटी, ट्रेनमधल्या बाई, उगमाकडची शेवटची मादी. इंग्रजी कुठे कुठे मोडलं, ते उचलून मी पुढे गेले. आता काम सुरू करण्याआधी काय करता, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "नर आणि मादी दोन्ही मोठ्यानं विचारते. इंग्रजीत."

जागा मिळाली. कीथ यांनी मला सांगितलं तेव्हा मी "थँक यू" पाचसहा वेळा म्हटलं असेल. ते म्हणाले, "मला नको, मीराला म्हणा." म्हणाले, मीराने माझ्यासाठी शिफारस लिहिली, आणि त्यात आपली चूकही लिहिली, माझ्या बाजूनं. मीराला विचारलं तर म्हणते, "ती काय मोठं गोष्ट नाही."

"मोठी. गोष्ट ती."

"बघ, मी टेस्ट घेत होती."

एक गोष्ट मात्र मला सलते. शाळा. ती आता होणार नाही, झाली तरी ते हायस्कूल आणि ती घंटा मिळणार नाही. कोठारात दुपारी शांत असतं तेव्हा कधी कधी मी ग्लासगोहून परत आलेल्या त्या ट्रेमधल्या शेवटच्या मादीला बघते. तिची आई केव्हातरी फांदीवरून झेप घेऊन आली असेल. घाबरली असेलच.

मीराने आजोबांचं गाव पाहिलेलं नाही. नुसतं नाव ठाऊक आहे. दर वर्षी म्हणते जाऊया, आणि दर वर्षी राहून जातं. एकटीला भीती वाटते, म्हणते, माझी मराठी ऐकून लोक हसतील.

हसू देत. मीरा, हे तुझ्यासाठी लिहिते, सावकाश वाच. आता आमच्याकडे पूल झालाय, पण जुना नावाडी अजून होडी सोडतो, पुलाचा वळसा नको असलेल्या माणसांसाठी. एक दिवस मी तुला त्या होडीत बसवीन, आणि तुझ्या शेजारी मी बसेन. हायस्कूलच्या काठाला उतरू. नावाडी विचारेल, "ह्या कुठल्या?" तू काही बोलू नकोस, मी सांगेन, "पल्याडच्या." आणि मग तुझं जे काही असेल ते, गेली तो डबा, ती वास, माझा आजोबा, सगळं तसंच बोल. त्या दिवशी मी एक अक्षर दुरुस्त करणार नाही. हा माझा शब्द.